ऑक्सिडीभवन–क्षपण एंझाइमे : शोधाचा इतिहास

सजीवांच्या कोशिकांत एका संयुगाकडून इलेक्ट्रॉन किंवा हायड्रोजन अणू काढून घेऊन ते दुसऱ्या संयुगास देण्याची विक्रिया घडवून आणणाऱ्या एंझाइमांना ऑक्सिडीभवन–क्षपण एंझाइमे म्हणतात. इलेक्ट्रॉन गमावणे म्हणजे ऑक्सिडीभवन व मिळविणे म्हणजे क्षपण होय. एकाने सोडलेला इलेक्ट्रॉन दुसऱ्या कोणीतरी स्वीकारावाच लागत असल्यामुळे या दोन क्रिया नेहमी जोडीने घडतात. डीहायड्रोजनेजे, ऑक्सिडेजे, रिडक्टेजे, पेरॉक्सिडेजे, कॅटॅलेज इत्यादींचा यांत समावेश होतो. एंझाइमांच्या १९६१ च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात त्यांना पहिला वर्ग देण्यात आला असून तो आजही कायम आहे. अन्नातील ऊर्जा कोशिकेस उपलब्ध होते ती मुख्यतः या देवघेवीतून. म्हणून या एंझाइमांपैकी एखादे कमी पडले, अडले किंवा बिघडले, तर त्याचे परिणाम रोगाच्या रूपाने प्रकट होतात. या एंझाइमांचा शोध जवळजवळ दीडशे वर्षे चालला होता. त्यात रंग, वर्णपट आणि वादविवाद यांचा वाटा मोठा आहे.

श्वसन व ज्वलन : श्वसन हे एक प्रकारचे मंद ज्वलन आहे, ही कल्पना फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंत्वान लाव्हॉयझर यांची. त्यांनी व प्येअर लाप्लास यांनी १७८२-८३ च्या हिवाळ्यात बर्फाच्या उष्णतामापकात गिनीपिग ठेवून, त्याच्या शरीरातील उष्णतेने किती बर्फ वितळते व तो किती कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर टाकतो, यांची तुलना कोळशाच्या ज्वलनाशी केली. दोन्ही आकडे बरेच जुळले. हे ज्वलन फुप्फुसातच होते, अशी मात्र लाव्हॉयझर यांची समजूत होती. फुप्फुसे नसलेले प्राणी व शरीरापासून अलग केलेली ऊतकेही ऑक्सिजन घेतात, हे इटालियन शास्त्रज्ञ लाद्झारो स्पाल्लान्त्सानी यांनी दाखविले होते. परंतु त्यांची टिपणे त्यांच्या मृत्यूनंतर १८०३ मध्ये प्रसिद्ध झाली व मागे पडली. ऑक्सिडीभवन रक्तात नव्हे, तर प्रत्यक्ष कोशिकांत घडते हे एडूआर्ट फ्ल्यूगर यांच्या १८७० नंतरच्या दशकातील प्रयोगांनी निश्चित झाले.

त्याबरोबर खरा प्रश्न पुढे आला. साखर काचेच्या बरणीत वर्षानुवर्षे हवेत राहिली, तरी तिचे ऑक्सिडीभवन होत नाही. तीच साखर ३७° से. तापमानास, पाण्यात विरघळलेल्या स्थितीत, ज्योत न पेटता शरीरात पूर्णपणे जळते व १८० ग्रॅम ग्लुकोजापासून सु. ६८६ किलोकॅलरी ऊर्जा मुक्त होते. हे घडविणारा घटक कोणता?

पहिल्या खुणा रंगांच्या होत्या. बाझेल येथील क्रिस्टियान शनबाइन यांनी ग्वायकम या वृक्षाच्या राळेचा विद्राव काही वनस्पतींच्या व छत्रकवकांच्या रसाने निळा होतो, हे पाहिले व सजीवांतील कोणता तरी पदार्थ ऑक्सिजनास ‘क्रियाशील’ करतो असे मानले. कापलेले वांगे, बटाटा किंवा सफरचंद काळे पडते, हाही याच जातीचा अनुभव. मोरिट्स ट्राउबे या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी १८५८ मध्ये अशा पदार्थांना प्रथिनमय किण्वे मानून ऑक्सिडीभवनाचा सर्वसाधारण सिद्धांत मांडला. ट्राउबे हे पेशाने मद्याचे व्यापारी होते व व्यवसाय सांभाळून संशोधन करीत; त्यांच्या विचारांची योग्य दखल फार उशिरा घेतली गेली. जपानमध्ये हिकोरोकुरो योशिदा यांनी १८८३ मध्ये लाखवृक्षाचा चीक वाळताना काळा व कठीण होतो तो त्यातील एका किण्वामुळे, असे दाखविले. गाब्रिएल बेरत्रां यांनी १८९० नंतरच्या दशकात त्यास ‘लॅकेज’ हे नाव देऊन ‘ऑक्सिडेज’ हा वर्ग कल्पिला. हायड्रोजन पेरॉक्साइडाचे विघटन करणाऱ्या एंझाइमाला ऑस्कार ल्यव्ह यांनी १९०१ मध्ये ‘कॅटॅलेज’ म्हटले. जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड घातल्यावर जो फेस येतो, तो याच एंझाइमाचा परिणाम होय.

मॅकमन यांचा शोध : याच सुमारास श्वसन एंझाइमांच्या साखळीचा मुख्य दुवा एका वैद्याच्या हाती आला होता आणि तो जवळजवळ चाळीस वर्षे दुर्लक्षित राहिला. चार्ल्स अलेक्झांडर मॅकमन (१८५२–१९११) हे मूळचे आयरिश. इंग्लंडमधील वुल्व्हरहॅम्प्टन या कारखान्यांच्या गावी ते वैद्यकीय व्यवसाय करीत आणि घराच्या तबेल्यावरील गवताच्या माळ्यावर थाटलेल्या लहानशा खोलीत वर्णपटदर्शकाने प्राण्यांच्या ऊतकांची तपासणी करीत. ऊतकाचा पातळ काप दोन काचांमध्ये दाबून त्यातून प्रकाश जाऊ दिला असता वर्णपटात चार काळे पट्टे दिसतात, असे त्यांना आढळले. हे पट्टे समुद्रातील कंटकचर्मी प्राण्यांपासून कीटक, पक्षी व मानव यांपर्यंत सर्वत्र, विशेषतः सतत काम करणाऱ्या स्नायूंत, ठळक दिसत. स्नायूंतील रंगद्रव्यास त्यांनी ‘मायोहीमॅटिन’ व इतर ऊतकांतील रंगद्रव्यास ‘हिस्टोहीमॅटिन’ अशी नावे दिली. हे रंगद्रव्य ऑक्सिडीभूत व क्षपित अशा दोन स्थितींत असू शकते व त्याचा ऊतकांच्या श्वसनाशी संबंध असला पाहिजे, असे त्यांनी १८८४ ते १८८७ या काळात लिहिले. त्यांचा मुख्य निबंध रॉयल सोसायटीच्या फिलॉसॉफिकल ट्रॅन्झॅक्शन्स या नियतकालिकात १८८६ मध्ये प्रसिद्ध झाला.

हीमोग्लोबिनास हे नाव देणारे फेलिक्स होप-झायलर हे त्यावेळी शरीरक्रियात्मक रसायनशास्त्रातील सर्वांत वजनदार व्यक्ती होते. त्यांच्या स्ट्रासबुर्ग येथील प्रयोगशाळेतील लुडव्हिग लेव्ही यांनी १८८९ मध्ये असा निष्कर्ष काढला की, मायोहीमॅटिन हे स्वतंत्र रंगद्रव्य नसून स्नायूत राहिलेल्या हीमोग्लोबिनाचे विघटन होऊन बनलेला पदार्थ आहे. मॅकमन यांनी उत्तर दिले की, ज्या कीटकांत हीमोग्लोबिन मुळातच नसते, त्यांच्या स्नायूंतही हे पट्टे दिसतात. हा युक्तिवाद बिनतोड होता. परंतु होप-झायलर हे स्वतःच त्या नियतकालिकाचे संपादक होते. त्यांनी १८९० मध्ये टीप जोडून यापुढील चर्चा अनावश्यक ठरविली आणि वाद मिटविला. पुढे पाठ्यपुस्तकांतून मायोहीमॅटिनाचा उल्लेख हळूहळू नाहीसा झाला.

या प्रकरणात सर्व दोष एकाच बाजूस देणे मात्र योग्य होणार नाही. मॅकमन यांनी कबुतराच्या स्नायूंपासून ईथराच्या साहाय्याने जे ‘शुद्ध’ रंगद्रव्य मिळविले होते, ते बहुधा खरोखरच बिघडलेले संयुग होते. त्यावर घेतलेले आक्षेप अगदीच निराधार नव्हते. अखंड ऊतकातील त्यांचे निरीक्षण बरोबर होते, ते अलग केलेल्या पदार्थाविषयी चुकले होते, आणि विरोधकांनी दुसऱ्यावरून पहिले खोटे ठरविले. मॅकमन यांचा शेवटचा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९१४ मध्ये प्रसिद्ध झाला. आपले म्हणणे मान्य न होण्यास होप-झायलर यांच्या नावाचा दबदबा कारण झाला असे त्यात त्यांनी म्हटले असून, कधी तरी ते मान्य होईल अशी आशाही व्यक्त केली आहे.

हायड्रोजन की ऑक्सिजन : विसाव्या शतकाच्या दुसऱ्या व तिसऱ्या दशकांत जीवरसायनशास्त्रज्ञ दोन तटांत विभागले गेले होते. म्यूनिकचे हाइन्‍रिख व्हीलांट यांच्या मते ऑक्सिडीभवन म्हणजे मुख्यतः हायड्रोजन काढून घेणे होय. चूर्णरूप पॅलॅडियमाच्या सान्निध्यात अल्कोहॉलासारख्या संयुगांतील हायड्रोजन निघून जातो आणि तो स्वीकारण्यास ऑक्सिजनाऐवजी मिथिलीन ब्ल्यू हा रंग असला तरी चालते, असे त्यांनी १९१२-१३ मध्ये दाखविले. मिथिलीन ब्ल्यू हायड्रोजन घेताच वर्णहीन होतो. ऑक्सिजनाचे काम, या मताप्रमाणे, शेवटी हायड्रोजन स्वीकारणे एवढेच. स्वीडनमधील लुंड येथील टॉर्स्टेन टुनबेर्य यांनी निर्वात केलेल्या नळीत स्नायूचा चुरा, मिथिलीन ब्ल्यू व एकेक कार्बनी अम्ल घेऊन, कोणत्या अम्लाने रंग किती लवकर जातो हे मोजले व सक्सिनिक, लॅक्टिक इ. अम्लांची निरनिराळी डीहायड्रोजनेजे आहेत असे दाखवून दिले. अतिशय साधी व स्वस्त अशी ही पद्धत पुढे कित्येक वर्षे जगभरच्या प्रयोगशाळांत वापरली जात होती.

बर्लिनचे ओटो वॉरबुर्ख यांचा विचार अगदी उलट होता. समुद्री साळूच्या अंड्याचे फलन होताच त्याचा ऑक्सिजनाचा वापर कित्येक पटींनी वाढतो, हे त्यांनी १९०८ मध्ये दाखविले होते. अत्यल्प सायनाइडाने हे श्वसन थांबते, आणि सायनाइड हे लोहाशी घट्ट बद्ध होते. यावरून ऑक्सिजनास क्रियाशील करणारे लोहयुक्त ‘श्वसन किण्व’ कोशिकांत आहे, असे त्यांनी प्रतिपादन केले. ते अलग करता येत नव्हते. तेव्हा वॉरबुर्ख यांनी ते अलग न करताच ओळखण्याची युक्ती काढली. कार्बन मोनॉक्साइडाने यीस्टचे श्वसन अंधारात मंदावते व प्रकाशात पूर्ववत होते, असे १९२६ मध्ये आढळले होते. निरनिराळ्या तरंगलांबींच्या प्रकाशाने श्वसन किती पूर्ववत होते हे मोजून त्यांनी या अदृश्य एंझाइमाचा वर्णपट काढला. तो हीमोग्लोबिनातील हीम या लोहयुक्त गटाच्या जातीचा निघाला. या कार्याकरिता त्यांना १९३१ चे शरीरक्रियाविज्ञान वा वैद्यक या विषयाचे नोबेल पारितोषिक मिळाले. वॉरबुर्ख हे प्रयोगात विलक्षण कुशल व वादात तितकेच कठोर होते. विरोधकांच्या म्हणण्यात तथ्य असू शकेल, हे मान्य करणे त्यांना सहसा जमले नाही.

केलिन व सायटोक्रोम : या कोंडीतून वाट निघाली ती एका कीटकतज्ञाच्या कामातून. डेव्हिड केलिन (१८८७–१९६३) यांचा जन्म मॉस्को येथे एका पोलिश कुटुंबात झाला. पॅरिसमध्ये काम केल्यावर १९१५ मध्ये ते केंब्रिजला आले व पुढे तेथील मोल्टेनो इन्स्टिट्यूटचे संचालक झाले. घोड्याच्या जठरात वाढणाऱ्या एका माशीच्या अळ्यांत हीमोग्लोबिन असते. अळीची पूर्ण वाढ झालेली माशी बनते, तेव्हा या हीमोग्लोबिनाचे काय होते, असा त्यांचा मूळ प्रश्न होता. प्रौढ माशीच्या पंखांच्या स्नायूंत वर्णपटदर्शकाने पाहताना त्यांना हीमोग्लोबिनाचे दोन पट्टे न दिसता चार पट्टे दिसले. हेच पट्टे इतर कीटकांत, सूक्ष्मजंतूंत व यीस्टमध्येही होते.

निर्णायक निरीक्षण जवळजवळ योगायोगाने झाले. यीस्ट पाण्यात जोराने हलवून केलेल्या ताज्या मिश्रणात केलिन यांना पट्टे दिसेनात. पण नळी बाजूस सारण्यापूर्वीच चारही पट्टे एकाएकी परत उमटले. नळी पुन्हा हवेसह हलविली की पट्टे नाहीसे होत व स्थिर ठेवली की यीस्टने विरघळलेला ऑक्सिजन संपविताच ते परत येत. कोशिकेच्या आत चाललेले ऑक्सिडीभवन व क्षपण डोळ्यांनी प्रत्यक्ष पाहण्याचा हा पहिलाच प्रसंग म्हणता येईल. मेणपतंगाच्या जिवंत शरीरातही, पंखांची फडफड सुरू होताच पट्टे प्रकट होताना त्यांना दिसले. केलिन यांनी १९२५ मध्ये या रंगद्रव्यास ‘सायटोक्रोम’, म्हणजे कोशिकेतील रंग, असे नाव दिले. ते एक नसून निदान तीन रंगद्रव्यांचे मिश्रण आहे, हे ओळखून त्यांनी त्यांना ए, बी व सी अशी अक्षरे दिली. त्यांचे पट्टे अनुक्रमे सु. ६०४, ५६६ व ५५० नॅनोमीटर या ठिकाणी असून, चौथा सु. ५२१ नॅनोमीटरचा पट्टा तिन्हींचा मिळून होतो. शोधाचे श्रेय प्रथम मॅकमन यांचे आहे, हे त्यांनी निःसंदिग्धपणे नमूद केले.

यीस्टवर सायनाइडाची क्रिया केली, तर सायटोक्रोम क्षपित स्थितीतच अडकून राहते, हवेत हलवूनही पट्टे जात नाहीत. याउलट युरेथेनासारखे गुंगी आणणारे द्रव्य घातले, तर ते ऑक्सिडीभूत राहते. पहिले द्रव्य साखळीचे ऑक्सिजनाकडील टोक तोडते व दुसरे डीहायड्रोजनेजांचे टोक. म्हणजे व्हीलांट व वॉरबुर्ख हे एकाच साखळीची दोन टोके धरून भांडत होते आणि सायटोक्रोम मध्ये होते. हंगेरीचे आल्बेर्ट सेंट-ड्यर्डी यांनीही याच सुमारास दोन्ही मतांचा मेळ घातला. वॉरबुर्ख यांचे ‘श्वसन किण्व’ म्हणजेच सायटोक्रोम ऑक्सिडेज होय, असे केलिन व एडवर्ड हार्ट्री यांनी १९३९ पर्यंत सिद्ध केले. सायनाइडाच्या विषबाधेत रक्तात ऑक्सिजन भरपूर असूनही रोगी गुदमरतो, याचा उलगडा त्यामुळे झाला : ऑक्सिजन पोहोचतो, पण तो स्वीकारणारे एंझाइमच अडलेले असते. केलिन यांना नोबेल पारितोषिक मिळाले नाही. त्या पारितोषिकाच्या इतिहासातील ही एक ठळक उणीव मानावी लागेल.

ही साखळी कलकणूंच्या आतील पटलात बसविलेली असते व तीतून इलेक्ट्रॉन वाहताना प्रोटॉन पटलापलीकडे ढकलले जाऊन त्यांच्या दाबावर एटीपी हे ऊर्जावाहक संयुग बनते, ही कल्पना पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये मांडली. आरंभी तिला बराच विरोध झाला; १९७८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक देण्यात आले. [→ चयापचय].

सहएंझाइमे व पेलाग्रा : डीहायड्रोजनेजांनी काढलेला हायड्रोजन वाहून नेणारे लहान रेणू म्हणजे सहएंझाइमे. यीस्टच्या रसातील अशा एका उष्णतेने न बिघडणाऱ्या घटकाची जाणीव आर्थर हार्डेन व विल्यम यंग यांना १९०६ मध्ये झाली होती; तो काय आहे हे कळावयास तीस वर्षे लागली. वॉरबुर्ख व व्हाल्टर क्रिस्टियान यांनी १९३२ मध्ये यीस्टमधून एक पिवळे एंझाइम मिळविले. त्यांचे विद्यार्थी हूगो टेऑरेल यांनी त्याचे वर्णहीन प्रथिन व पिवळा फ्लाव्हिन गट असे दोन भाग करून व ते पुन्हा जोडून त्याची क्रियाशीलता परत आणून दाखविली. हा पिवळा गट रिबोफ्लाव्हिन या ब जीवनसत्त्वापासून बनतो. पाठोपाठ घोड्याच्या तांबड्या रक्तकोशिकांतून मिळविलेल्या सहएंझाइमात निकोटिनामाइड असल्याचे आढळले. यांपैकी एका सहएंझाइमास हल्ली एनएडी व दुसऱ्यास एनएडीपी म्हणतात.

निकोटिनिक अम्ल हे रसायनशास्त्रज्ञांना एकोणिसाव्या शतकापासून माहीत होते. कॅसिमिर फंक यांनी बेरीबेरीवरील द्रव्याच्या शोधात ते तांदळाच्या कोंड्यातून मिळविलेही होते. बेरीबेरीवर त्याचा उपयोग झाला नाही म्हणून ते बाजूला पडले. इकडे अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत मक्यावर जगणारी गरीब माणसे पेलाग्राने मरत होती. त्वचा काळवंडून सोलणे, अतिसार व बुद्धिभ्रम ही या रोगाची लक्षणे होत. हा संसर्गजन्य रोग नसून आहारातील उणिवेचा आहे, हे जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१४ पासून प्रयोगांनी दाखवूनही पुष्कळांना ते पटत नव्हते; दारिद्र्याचे कारण मान्य करण्यापेक्षा जंतूचे कारण मान्य करणे तेथील पुढाऱ्यांना सोयीचे होते. उणीव नेमकी कशाची हे कळण्यापूर्वीच, १९२९ मध्ये, ते वारले. कॉनरॅड एल्व्हेहेम यांनी १९३७ मध्ये विस्कॉन्सिन येथे कुत्र्यांतील तत्सम रोग निकोटिनिक अम्लाने बरा केला आणि वर्षाच्या आत मानवी रोगावरही तोच उपाय लागू पडला. शरीराला हे द्रव्य कशाला लागते, याचे उत्तर सहएंझाइमांच्या संशोधनाने तयारच होते.

मेक्सिकोतील लोक मका चुन्याच्या निवळीत शिजवीत असल्याने त्यातील बद्ध निकोटिनिक अम्ल मोकळे होते व पेलाग्रा टळतो. दक्षिणेच्या पठारावर मात्र हा रोग ज्वारी खाणाऱ्यांत आढळे आणि ज्वारीत निकोटिनिक अम्ल मक्यासारखे बद्ध नसते. हैदराबाद येथे सी. गोपालन व एस्. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये असे सुचविले की, ज्वारीतील ल्यूसीन या ॲमिनो अम्लाच्या आधिक्यामुळे शरीरातील निकोटिनिक अम्लाचा उपयोग बिघडतो. हा खुलासा सर्वत्र मान्य झाला नाही व नंतरच्या काही प्रयोगांत त्याला पुष्टी मिळाली नाही. तथापि पेलाग्रा हा केवळ मक्याचा रोग नव्हे, हे या कामाने स्पष्ट झाले. केवळ ज्वारीवर न राहता डाळी, दूध यांची जोड मिळू लागली की रोग हटतो, याविषयी दुमत नाही.

तांबड्या कोशिकेतील उणीव : हिवतापावरील पामाक्विन हे औषध १९२६ पासून वापरात आले, तेव्हापासून काही रोग्यांना त्यामुळे एकाएकी काळसर लघवी, कावीळ व तीव्र पांडुरोग होतो, असे दिसत होते. त्याच कुळातील प्रायमाक्विन हे औषध कोरियातून परतणाऱ्या अमेरिकन सैनिकांना देण्यात आल्यावर हा प्रश्न निकडीचा झाला. शिकागोजवळच्या स्टेटव्हिल येथील तुरुंगात कैद्यांना हिवतापाची लागण करून औषधांची परीक्षा करण्याचे काम दुसऱ्या महायुद्धापासून चालू होते. कैद्यांची संमती घेतली जात असली, तरी बंदिवासात दिलेली संमती कितपत खुशीची, हा प्रश्न पुढे तीव्रतेने विचारला गेला. आज असे प्रयोग मान्य होणार नाहीत.

शास्त्रीय दृष्ट्या तेथील एक प्रयोग फार स्वच्छ होता. औषध न सोसणाऱ्या व्यक्तीच्या तांबड्या कोशिका किरणोत्सर्गी क्रोमियमाने चिन्हांकित करून निरोगी व्यक्तीच्या शरीरात सोडल्या व तिला प्रायमाक्विन दिले. त्या कोशिका फुटल्या. उलट, निरोगी व्यक्तीच्या कोशिका औषध न सोसणाऱ्याच्या शरीरात टिकून राहिल्या. दोष औषधाच्या चयापचयात नसून कोशिकेतच आहे, हे यावरून ठरले. पॉल कार्सन व सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये तो दोष म्हणजे ग्लुकोज–६–फॉस्फेट डीहायड्रोजनेज या एंझाइमाची न्यूनता होय, असे दाखविले. योगायोग असा की, हे एंझाइम वॉरबुर्ख व क्रिस्टियान यांनी १९३१ मध्ये तांबड्या कोशिकांतच शोधले होते व त्याच्याच अभ्यासातून एनएडीपीचा शोध लागला होता.

तांबड्या कोशिकेत कलकणू नसतात. तीत क्षपित एनएडीपी तयार करण्याचा मार्ग या एंझाइमाचाच. आणि क्षपित एनएडीपीच्या बळावरच ग्लुटाथायोन हे संयुग हीमोग्लोबिनाचे ऑक्सिडीभवनापासून रक्षण करते. एरवी थोडे एंझाइमही पुरते. परंतु औषध, संसर्ग किंवा बाकल्याच्या शेंगांतील द्रव्ये यांमुळे ऑक्सिडीभवनाचा ताण वाढला की साठा संपतो, हीमोग्लोबिनाच्या गाठी होतात व कोशिका फुटते. एंझाइमाचे जनुक क्ष गुणसूत्रावर असल्याने ही न्यूनता मुख्यतः पुरुषांत प्रकट होते. जगात सु. ४० कोटी लोकांत ती असावी असा अंदाज आहे. हिवतापाच्या प्रदेशांतच ती अधिक आढळते, कारण अशा कोशिकांत हिवतापाचा परजीवी नीट वाढत नाही, असे १९६० पासून मानले जाते. मुंबईत एल्. डी. सांघवी व सहकाऱ्यांनी १९६० नंतरच्या दशकाच्या आरंभी केलेल्या पाहणीत पारशी समाजात तिचे प्रमाण उल्लेखनीय आढळले. आदिवासी जमातींत आढळणाऱ्या एका प्रकाराला १९९५ मध्ये ‘ओरिसा’ असे नाव देण्यात आले.

हा विषय भारतात केवळ ग्रांथिक नाही. व्हायव्हॅक्स जातीच्या हिवतापाचा परजीवी यकृतात दडून राहतो व त्याला तेथून काढण्यासाठी प्रायमाक्विन १४ दिवस द्यावे लागते. हेच औषध न्यूनता असलेल्यास घातक ठरू शकते. अशी व्यक्ती ओळखण्याची सोपी चाचणी अर्नेस्ट ब्यूटलर यांनी १९६६ मध्ये दिली : क्षपित एनएडीपी जंबुपार प्रकाशात चमकते, तर न्यूनता असलेल्या रक्ताचा ठिपका काळाच राहतो. चाचणीची सोय नसेल तेथे औषध चालू असताना लघवीचा रंग पाहत राहणे व ती गडद होताच औषध थांबविणे, एवढाच उपाय उरतो. एकाच मात्रेत काम करणारे टाफेनोक्विन हे औषध अमेरिकेत २०१८ मध्ये संमत झाले. पण ते शरीरात कित्येक आठवडे राहत असल्याने ते मध्येच थांबविता येत नाही. म्हणून ते देण्यापूर्वी एंझाइमाचे मापन करणे अनिवार्य ठरते.

श्वेत कोशिका व सुपरऑक्साइड : ऑक्सिजनाचे विध्वंसक रूप शरीर जाणूनबुजूनही वापरते. सूक्ष्मजंतू गिळताना श्वेत कोशिकांचा ऑक्सिजनाचा वापर एकदम वाढतो, असे १९३३ मध्ये आढळले होते. आश्चर्य असे की, ही वाढ सायनाइडाने थांबत नाही. म्हणजे ती सायटोक्रोम ऑक्सिडेजामुळे होत नाही. तिचा अर्थ लागला तो एका दुर्मिळ रोगामुळे. काही मुलांना साध्या जंतूंमुळेही वारंवार गळवे होत व बहुतेक लहानपणीच दगावत. त्यांच्या श्वेत कोशिका जंतू गिळतात पण मारू शकत नाहीत, हे १९६० नंतरच्या दशकात दिसून आले. त्या कोशिकांत क्षपित एनएडीपीकडून इलेक्ट्रॉन घेऊन ऑक्सिजनाचे सुपरऑक्साइड बनविणारे ऑक्सिडेज निकामी असते. निदान पुन्हा रंगानेच होऊ लागले : निरोगी श्वेत कोशिका नायट्रोब्ल्यू टेट्राझोलियम या पिवळ्या द्रव्याचे क्षपण करून त्याचा निळा रंग करतात, रोग्याच्या करीत नाहीत.

सुपरऑक्साइड शरीरात बनते, तर त्याला आवरणारे एंझाइमही असले पाहिजे. ते प्रत्यक्षात केलिन व थॅडियस मान यांनी १९३८ मध्येच बैलाच्या रक्तातून एक निळसर, तांबेयुक्त प्रथिन म्हणून मिळविले होते. पण त्याचे कार्य काय, याचा पत्ता नव्हता. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात जो मॅकॉर्ड व अर्विन फ्रिडोविच यांनी १९६९ मध्ये ते प्रथिन म्हणजे सुपरऑक्साइड डिसम्यूटेज हे एंझाइम असल्याचे दाखविले. या प्रयोगांत सुपरऑक्साइड मोजण्यासाठी सायटोक्रोम सी व ते उत्पन्न करण्यासाठी दुधातील झँथीन ऑक्सिडेज वापरण्यात आले होते. झँथीन ऑक्सिडेज यूरिक अम्लही बनविते. ते अडविणारे ॲलोप्यूरिनॉल हे गर्ट्रूड एलियन व जॉर्ज हिचिंग्ज यांचे औषध १९६० नंतरच्या दशकापासून वातरक्तावर वापरले जात आहे.

१९६९ च्या या शोधानंतर जवळजवळ प्रत्येक रोगाचे मूळ ऑक्सिजनाच्या अशा क्रियाशील रूपांत शोधण्याची लाट आली आणि ऑक्सिडीभवन रोखणाऱ्या जीवनसत्त्वांच्या गोळ्यांचा प्रचार सुरू झाला. पुराव्याने तिला साथ दिली नाही. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपानी पुरुषांवर केलेल्या परीक्षेचा निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी न होता सु. १८ टक्क्यांनी अधिक आढळला. अमेरिकेतील तशीच एक परीक्षा जानेवारी १९९६ मध्ये मुदतीपूर्वीच थांबवावी लागली.

सुपरऑक्साइड डिसम्यूटेजाच्या जनुकातील उत्परिवर्तनांमुळे मज्जारज्जूतील प्रेरक तंत्रिका झिजण्याचा एक आनुवंशिक रोग होतो, असे १९९३ मध्ये आढळले. एंझाइम कमी पडल्याने हानी होत असावी, हा पहिला तर्क चुकीचा ठरला. काही उत्परिवर्तनांत एंझाइमाची क्रियाशीलता जवळजवळ अबाधित असूनही रोग होतो, आणि ज्या उंदरांतून हे एंझाइम पूर्णपणे काढून टाकले, त्यांना तो रोग होत नाही. घात करते ते वेडेवाकडे दुमडलेले प्रथिन. म्हणून उपायाची दिशाही उलटी झाली : एंझाइम पुरविण्याऐवजी ते बनूच न देणारे टोफर्सेन हे औषध तयार करण्यात आले. मणक्यातून टोचून द्यावयाच्या या औषधास अमेरिकेत एप्रिल २०२३ मध्ये, पुढील परीक्षांच्या अटीवर, मान्यता मिळाली.